रक्त आलं का?

तक्रारीच्या नकलेचा अर्ज घेऊन ती बाई सोमवारी माझ्या टेबलासमोर उभी राहिली तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, "चौथ्या दिवशी या." नक्कल चौथ्या दिवशी मिळते, असा आमच्याकडे नियम आहे. चार दिवस कशाला लागतात ते मला विचारू नका. कागद मागच्या खोलीतल्या कपाटात असतो आणि कपाट माझ्या खुर्चीपासून अकरा पावलांवर आहे. पण लगेच काढून दिला की लोकांना वाटतं आपण नुसत्या बसूनच असतो. बाई हलली नाही. मग म्हणाली, "फोनवर तुम्हीच होतात ना? आवाज ओळखला मी." एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही, टेबलावर हात आपटला नाही. एकोणीस वर्षं या टेबलावर काढली आहेत मी. शिव्या खाल्ल्यात, धमक्या ऐकल्यात, एका गृहस्थाने तर फाटलेली पँट पिशवीतून काढून माझ्या डब्याशेजारी ठेवली होती पुरावा म्हणून. पण आवाजावरून मला कुणी ओळखलं नव्हतं. माझा हात उगाचच गळ्याशी गेला. मी अर्ज ओढून घेतला, शिक्का मारला, पोच दिली. ती गेल्यावर वाचला. 'नक्कल कशासाठी हवी' या ओळीत तिने गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: मुलगी वारली, कागद घरी दाखवायचा आहे.

माझं टेबल म्हणजे कुत्र्यांचं टेबल. शेजारी गटारांचं, पलीकडे पडलेल्या झाडांचं. आमच्यात थट्टा चालते, की गटारवालीच्या अंगाला वास येतो आणि माझ्या अंगावर पिसवा. शहरात कुठेही कुत्रं कुणाच्या मागे लागलं, टोळी करून बसलं, चावलं, की तो फोन फिरून फिरून माझ्याकडे येतो. दोन फॉर्म आहेत. पांढरा आणि लाल. लाल भरला की गाडीवाल्या नानांनी त्याच दिवशी जाळी घेऊन जागेवर जायचं, फॉर्मवर सही करायची, आणि एक प्रत जाते आरोग्य विभागात. तिथली नर्स मग चावलेल्या माणसाला फोन करकरून इंजेक्शनांना बोलावते, पाचही होईपर्यंत पिच्छा सोडत नाही. मोठी चिवट बाई आहे. पांढरा फॉर्म शनिवारपर्यंत ट्रेमध्ये पडून राहतो. शनिवारी नाना सगळे पांढरे एकदम घेऊन फिरतात, आणि बहुतेकांवर 'जागेवर आढळले नाही' असं लिहून आणतात, कारण कुत्री काही नानांची वाट बघत पाच दिवस एका जागी बसत नाहीत. प्रत्येक लाल फॉर्मचा जाब साहेबांना महिन्याच्या बैठकीत द्यावा लागतो. म्हणून लाल कमी असलेले बरे. असं कुणी मला तोंडाने सांगितलं नाही. पण एवढ्या वर्षांत माणसाला न सांगता कळायला लागतं.

आणि मी माझ्या पहिल्या वर्षीच एक सोपी युक्ती काढली होती. एकच प्रश्न विचारायचा: रक्त आलं का? आलं असेल तर लाल, नसेल तर पांढरा. घोळ नाही, वाद नाही, दोन मिनिटांत फोन खाली. साहेबांना ते इतकं आवडलं, की माझ्या रजेच्या दिवशी जी कोणी बसते तिलाही त्यांनी तोच प्रश्न पाठ करायला लावला. फॉर्मवर अकरा रकाने आहेत. रंग, जागा, वेळ, गळ्यात पट्टा आहे की नाही, असले सगळे. 'रक्त आलं का' हा प्रश्न त्यात कुठेही नाही. फॉर्मच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं आहे, की दात किंवा नख कातडीला लागल्यास लाल फॉर्म भरावा. ते मी वाचलेलं नाही असं नाही. वाचलेलं आहे. अगदी पहिल्याच दिवशी वाचलेलं आहे.

तो फोन मला आठवत नव्हता, असं मी सोमवारी दिवसभर स्वतःला सांगत होते. दिवसाला तीस-चाळीस फोन येतात, कुठला म्हणून लक्षात ठेवायचा. पण बसमध्ये खिडकीशी बसले आणि तो आठवला, अख्खाच्या अख्खा, मागे शिवणयंत्रांची खडखड होती तिच्यासकट. तीन महिन्यांपूर्वीचा मंगळवार. मी डब्याचं झाकण अर्धं उघडलं होतं. बाई ओरडून बोलत होती, कारण तिच्या भोवती यंत्रं चालू होती. पिवळट कुत्रं आहे, एक कान अर्धाच आहे, कारखान्याच्या मागच्या गल्लीत बसतं, माझ्या मुलीच्या अंगावर आलं. मी विचारलं, चावलं? ती म्हणाली, दंडाला दात लागलेत, ओरखडा आहे. मी विचारलं, रक्त आलं का? ती थांबली. यंत्रं खडखडत राहिली. मग म्हणाली, "थोडं आलं होतं बहुतेक. पुसलं तर गेलं." मी म्हटलं, "म्हणजे आता नाही." ती म्हणाली, "आता नाही." मग मी म्हटलं, आणि हे मी किती मायेने म्हटलं तेही आठवतंय, "मग काही काळजी करू नका. साबणाने धुऊन टाका." ती 'बरं' म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला होता. माझा डबा गार होत होता.

मंगळवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच ती समोरच्या बाकावर येऊन बसली होती. मी म्हटलं, गुरुवारी मिळेल, रोज येऊन काय उपयोग. ती म्हणाली, "कामावर जाववत नाही. घरी कुणी नाही. इथे बसले तर चालेल ना?" आता बाक सरकारी आहे, त्यावर कुणी बसू नये असं मी कसं म्हणणार. बसली. ती काजं करते, सदऱ्यांची, दिवसाला शेकड्यांनी. रिकामी बसली तरी तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, सुई धरल्यासारखे. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि मग दर फोनला बघितलं. फोनवर मी प्रश्न विचारला की ती मान वर करायची. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या फोनला मी रक्ताचं विचारायच्या ऐवजी खोकलेच, आणि पलीकडच्या म्हाताऱ्याला वाटलं लाइन तुटली, तो 'हॅलो हॅलो' करत राहिला.

दुपारी गटारवाली चहाला गेली तेव्हा बाई उठून जवळ आली. तिला बोलायचं होतं आणि मला ऐकायचं नव्हतं, पण खुर्ची सोडून कुठे जाणार. म्हणाली, नऊ आठवड्यांनी पोरीला ताप आला. हाताला मुंग्या येतात म्हणाली, त्याच हाताला. मग पाणी प्यायला गेली आणि पेला फेकून दिला. "मला वाटलं, लाडाने करतेय. मी रागावले तिला." इस्पितळात डॉक्टरने विचारलं, कुत्रं चावलं होतं का कधी, तेव्हा नवरा, सासू, दीर, सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. घरात तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. "तुम्ही म्हणालात ना काळजी करू नका. मग म्हटलं, सगळ्यांच्या जिवाला कशाला घोर लावायचा." पाचव्या दिवशी मुलगी गेली. आठ वर्षांची होती. आता नवरा धाकट्या मुलाला घेऊन थोरल्या भावाकडे जाऊन राहिलाय. पोरगा चार वर्षांचा आहे, त्याला तिच्या हवाली करत नाहीत. म्हणतात, एक पोर तोंड मिटून मारलंस, दुसरं तुझ्याकडे कसं ठेवायचं. ती म्हणते, मी सांगितलं होतं, कचेरीत फोन करून सांगितलं होतं. तर दीर म्हणाला, सांगितलं असशील तर कागद असेल. कागद आण, मुलगा घेऊन जा.

"शिक्षित आहे दीर," ती म्हणाली. "कागद बघितला की ऐकेल. मी सांगितलं होतं, एवढं त्यात असलं की झालं. असेल ना?"

मी म्हटलं, "बघते."

बघितलं. अकरा पावलं चालून गेले, शनिवारच्या गठ्ठ्यातून पांढरा फॉर्म काढला. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार नेहमी मी लिहायची. कुत्र्याचा रंग: पिवळट. खूण: डावा कान अर्धा. दुखापत: नाही. तक्रारदाराचे म्हणणे: विशेष काही नाही. खाली नानांचा शेरा, जागेवर आढळले नाही. मी कपाटाचं दार धरलं. म्हणजे हा कागद तिच्या हातात दिला की तो घेऊन ती दिराकडे जाणार, आणि दीर तो मोठ्याने वाचणार, शिक्षित आहे म्हणे, आणि सरकारी शिक्क्यासकट सगळ्यांना कळणार की पोरीच्या दंडाला दात लागले आणि आईचं म्हणणं विशेष काही नव्हतं. ती बाई बाकावर बसून स्वतःविरुद्धच्या कागदाची वाट बघत होती. आणि तो कागद लिहिला होता मी, तिच्या सांगण्यावरून, तिचं सांगणं सोडून.

बुधवारी मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाही, तब्येतीला जपणारा माणूस आहे. बैठक म्हटलं की त्याच्या छातीत जळजळतं. त्याने फॉर्म वाचला, पाठपोट बघितला आणि खुर्चीत मागे रेलला. "द्या की नक्कल. जशी आहे तशी द्या. आपला कागद स्वच्छ आहे." मी म्हटलं, साहेब, ती म्हणते तिने रक्ताचं सांगितलं होतं. "म्हणू दे. फोन काय टेप होतो? कागद काय म्हणतो ते बघायचं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "सांगितलं होतं का?" मी फॉर्मवरच्या माझ्या अक्षराकडे बघितलं. "मग तर नुसती नक्कल द्या आणि मोकळ्या व्हा. तुमची तीन वर्षं राहिलीत. उगाच आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता." हे त्याने काळजीने म्हटलं. फोनवर मी बोलते ना, तसंच.

मग मी जे केलं तेही सांगून टाकते, आता लपवायला काय राहिलंय. जेवणाच्या सुट्टीत मी एक कोरा लाल फॉर्म घेतला आणि तीन महिन्यांपूर्वीची तारीख घालून भरायला घेतला. दुखापत: उजव्या दंडावर दातांचा ओरखडा, रक्त आले. किती सोपं होतं ते. हात आपोआप चालत होता, जणू तो फॉर्म पहिल्यापासून तसाच भरायचा होता आणि मध्ये नुसती एक चूक आली होती. असा कागद मिळाला असता तर बाई दुसऱ्या दिवशी पोराला कडेवर घेऊन घरी गेली असती. मी शेवटच्या रकान्याशी आले. गाडीचालकाची सही. लाल फॉर्म नानांकडे गेला होता आणि नाना त्या दिवशी गेले नाहीत, असा त्याचा अर्थ झाला असता. नानांना दम्याचा त्रास आहे, पण लाल फॉर्म म्हटला की ते जिना दोन-दोन पायऱ्या करत उतरतात. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही लाल फॉर्म चुकवलेला मला माहीत नाही. आणि मी त्यांच्याच गळ्यात हे बांधायला निघाले होते, सुंदर अक्षरात. फॉर्म फाडला, तुकडे पर्समध्ये टाकले. कचऱ्याच्या टोपलीत टाकायची छाती झाली नाही.

संध्याकाळी घरी आले तर आईने पाण्याचा पेला पुढे केला. हे रोजचं आहे. आई ऐंशीची झाली, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत, पण मी दारात चप्पल काढेपर्यंत ती पेला भरून उभी असते, आणि मी पिऊन होईपर्यंत तिथून हलत नाही. घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, ती इथे नकोत. लहानपणापासून असंच. शाळेतून आलं की पाणी, खेळून आलं की पाणी, अभ्यास करताना मध्येच पाणी. भाऊ चिडवायचा, आईला वाटतं ही झाड आहे. मला ते आवडायचं. मला वाटायचं, दोघांत माझ्यावर आईचा जीव थोडा जास्त आहे. तेवढ्या एका गोष्टीच्या जोरावर मी पुष्कळ काही निभावून नेलंय.

त्या दिवशी मी पेला हातात घेतला आणि प्यायले नाही. प्यावंसंच वाटेना. आईच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. "पी ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, मला लहानपणी कुत्रं चावलं होतं, आठवतं तुला?" आणि विचारताना माझ्याच लक्षात आलं की पन्नास वर्षांत ही गोष्ट या घरात कुणी काढलेली नव्हती.

मला आठवतं ते असं. मी सात वर्षांची. लाकडाच्या वखारीमागे आम्ही लपंडाव खेळत होतो. ओंडक्यांच्या फटीत कुत्री व्यायली होती आणि मी लपायला नेमकी तिथेच शिरले. पोटरीला काहीतरी कचकन लागलं. मी पळत सुटले. हिरवा फ्रॉक होता, मोठ्या खिशांचा, त्याच्या खालच्या टोकाने मी पोटरी पुसत पुसत घरी आले. शेजाऱ्यांच्या थोरल्या मुलाला आदल्या वर्षी चौदा इंजेक्शनं दिली होती, बेंबीभोवती, आणि त्याने ती भोकं आम्हाला एक-एक करून दाखवली होती. दारात आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कुत्रं आलं अंगावर. आईने विचारलं, "रक्त आलं का?" मी म्हटलं, नाही. तिने साबणाने पाय धुतला, आणि संपलं. मला काहीही झालं नाही. पोटरीवर अजून तांदळाएवढा पांढरा डाग आहे. त्या एका 'नाही'ने मी चौदा सुयांमधून सुटले, हे मी मनात फार वर्षं दागिन्यासारखं जपलं होतं. लोक उगाच घाबरतात, असं मी फोन ठेवताना मनात म्हणायची. मला काय झालं? काही नाही झालं.

आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. उशीचा अभ्रा मांडीवर घेऊन तिने त्याचे कोपरे जुळवले, मग मोडले, परत जुळवले. म्हणाली, "फ्रॉकच्या आतल्या अंगाला रक्त होतं. चांगलं हातभर ओघळलेलं. मी रात्रीतून धुतला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"तुझा भाऊ तापाने फणफणला होता. तुझे वडील फिरतीवर. इस्पितळ दोन तासांवर, आणि चौदा दिवस रोज जायचं. त्याला कुणाजवळ टाकून जाऊ?"

"मग मला विचारलंस कशाला?"

आईने अभ्रा बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. "तू नाही म्हणशील हे मला दिसतच होतं तुझ्या तोंडावर. म्हणून विचारलं. तू नाही म्हणालीस की मग माझ्यावर काही राहत नव्हतं." खाली कुणीतरी मोटारीचं दार लावलं. मग ती म्हणाली, "वर्षभर बघत होते. कुणीतरी सांगितलं होतं, पाणी पितेय तोवर भीती नाही. म्हणून पाजत होते. वर्ष झालं तरी धीर होईना, मग सवयच लागली."

मी हातातल्या पेल्याकडे बघितलं. काय वाटलं ते सांगता येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ही बाई, माझी आई, रोज दहा-दहा वेळा माझ्यासमोर उभी राहून मी मरतेय का ते बघत होती, आणि मी ते प्रेम म्हणून पीत होते. आणि ते प्रेम नव्हतं असंही कसं म्हणू. म्हणवत नाही. पण तो प्रश्न. तो प्रश्न मी तिच्याकडून उचलला आणि टेबलावर नेऊन ठेवला, आणि एकोणीस वर्षं जो जो फोन करेल त्याला विचारला. समोरच्याने नाही म्हणावं म्हणून विचारला. लोक घाबरलेले असतात, त्यांनाही 'नाही'च म्हणायचं असतं, नुसतं कुणीतरी तसं विचारायला पाहिजे असतं. मी इतक्या मायेने विचारत होते. आई म्हणाली, "पी ग." मी प्यायले. ती बघत उभी राहिली आणि मग पेला घेऊन आत गेली.

गुरुवारी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कचेरीत गेले. कपाटातून फॉर्म काढला, नक्कल केली, शिक्का मारला. मग एक कोरा कागद घेतला. त्यावर काय लिहायचं याचा रात्री मी फार विचार केला होता, मोठमोठी वाक्यं जुळवली होती, त्यात माझं सातवं वर्ष होतं, साहेबांची बैठक होती, हिरवा फ्रॉकसुद्धा होता. लिहायला बसले तेव्हा चारच ओळी झाल्या. अमुक तारखेला या बाईंनी फोन करून मुलीच्या दंडाला कुत्र्याचे दात लागल्याचे व रक्त आल्याचे मला सांगितले. मी ते फॉर्मवर लिहिले नाही. काळजी करू नका, असे मी त्यांना सांगितले. नियमाप्रमाणे लाल फॉर्म भरायला हवा होता, तो मी भरला नाही. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, सही. एक प्रत साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवून आले. साहेब अजून आले नव्हते.

ती बाकावर होतीच. मी आधी नक्कल दिली. द्यायलाच हवी होती, तिने मागितलेला कागद तो होता. ती उभ्याउभ्याच ओठ हलवत वाचत गेली. पिवळट. डावा कान अर्धा. मग शेवटच्या ओळीशी आली आणि ओठ थांबले. तिने परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं आता ही ओरडणार, आणि मी मनाने तयार होते, ओरडली असती तर मला हवंच होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी म्हणाले होते, थोडं आलं. मग तुम्ही म्हणालात, आता नाही. मग मीपण म्हणाले, आता नाही." मग कागद खाली केला. "मी तसं म्हणायला नको होतं. माझंच चुकलं."

"नाही," मी म्हटलं. "तुमचं नाही चुकलं. तुम्ही नाही म्हणावं म्हणूनच मी विचारलं होतं."

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. मी दुसरा कागद पुढे केला. तो तिने दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना बोट ओळीवरून फिरवत होती, आणि 'सांगितले' या शब्दावर तिचं बोट थांबलं, तिथेच राहिलं. मग म्हणाली, "यावर शिक्का नाही. दीर म्हणेल, हे तूच लिहून घेतलंस." मी शिक्का मारला. गोल शिक्का, कचेरीचा. तो अशा कागदावर मारायचा मला अधिकार नाही, तेही एक माझ्या नावावर चढणार. शेजारी गटारवाली पेन हातात धरून आमच्याकडे टक लावून बघत होती.

बाईने सहीवर बोट ठेवलं. "हे तुमचं नाव?"

"हो."

"याने तुमचं काही होईल का?"

"होईल. चौकशी लागेल. नोकरी जाईल बहुतेक."

तिने माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेल, म्हणजे आवाजाकडे नाही, माझ्याकडे. डोळ्यांत राग नव्हता, दयाही नव्हती. आपल्या मुलीला शोभेल का म्हणून एखादं कापड लांबून बघावं तशी ती बघत होती. मी वाट बघत होते. कशाची, ते मला सांगता येणार नाही. नको हो ताई, असं काहीतरी म्हणेल, असं आत कुठेतरी वाटलं असावं. इतकी मी अजून शहाणी झाले नव्हते.

"होऊ दे," ती म्हणाली.

आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून तिने त्यांची चौकोनी घडी घातली, कडेने नख फिरवून पक्की केली आणि पिशवीत तळाशी ठेवली. निघाली. दारापाशी आमची पाण्याची टाकी आहे, साखळीला पेला बांधलेला. तिथे ती थांबली. तिने तोटी सोडली, पेला काठोकाठ भरला, आणि तो हातात धरून त्यातल्या पाण्याकडे बघत उभी राहिली. मी खुर्चीतून उठले होते. टेबलावर फोन वाजायला लागला, गटारवाली म्हणाली अग उचल की, पण मी तिच्या हातातल्या पेल्यावरून नजर काढू शकत नव्हते. ती पिईल, आता पिईल, असं मी मनात म्हणत राहिले. तिने पेला तोंडापर्यंत नेला. मग न पिता तो खालच्या कुंडीत ओतला, साखळीला उपडा अडकवला आणि जिना उतरून गेली.